जिवाणूंना टॉनिकच्या रांगेत बसवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या गेल्या आठवड्याच्या कृषी पुरवणीत पिकाची वाढ करणारी संप्रेरकं तयार करणाऱ्या जिवाणूंवर लेख आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर वर केलं तर ओट्यावर दोघं-तिघं आधीच येऊन बसलेले. एकाच्या हातात पुरवणीचं पान, घडी घालून. "भाऊ, हे वाढवनारे जिवानू आले का तुमच्याकडं? एका फवारनीत दीडपट माल लिहेल हाय." मी म्हटलं, येऊन बरीच वर्षं झाली, तुम्हीच दरवर्षी नको म्हणता. त्याला काही पटलं नाही. पेपरात बाटलीचं चित्र होतं, आणि मी त्याच्यापुढे ठेवलं काळ्या भुकटीचं पाकीट.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात कृषी केंद्र चालवतो. घरची थोडी कोरडवाहू शेती आहे. गाव खारपाणपट्ट्यात, म्हणजे विहिरीचं पाणी पिकाला देता येत नाही आणि प्यायलाही नळाची वाट पाहायची. लेखातलं विज्ञान खोटं नाही. पण ते ज्या रीतीने मांडलं गेलं, त्याने फायदा होईल तो माझ्यासारख्या दुकानदाराचा. माल विकणारा माणूसच मालाबद्दल असं लिहितो म्हणून कोणी हसेल, तर हसू द्या.

आधी खरं काय ते सांगतो, कारण त्यात मला मनापासून रस आहे.

कृषी केंद्र चालवणाऱ्यांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' या संस्थेचा 'देसी' नावाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम असतो. मी तो केला. आठवड्यातून एक दिवस वर्ग. आम्ही सगळे चाळिशी-पन्नाशीचे, दुकानाच्या फोनवर कान ठेवून मागच्या बाकावर बसणारे. एके दिवशी शिकवायला आलेल्या मॅडमनी दोन काचेच्या नळ्या आणल्या. दोन्हींत ॲझोटोबॅक्टर नावाचा जिवाणू वाढवलेला होता, दोन्हींचं पाणी सारखंच गढूळ. जिवाणूंना खायला घालताना त्यात ट्रिप्टोफॅन नावाचं एक अमिनो आम्ल टाकलं होतं. मॅडमनी दोन्ही नळ्यांतलं वरचं निवळ पाणी वेगळं काढलं, त्यात लोहाचं क्लोराईड आणि तीव्र आम्ल यांचं मिश्रण घातलं आणि नळ्या अंधारात ठेवल्या. अर्ध्या तासाने काढल्या तेव्हा एक नळी छान गुलाबी झाली होती आणि दुसरी होती तशीच फिकट. सालकोव्स्की चाचणी म्हणतात याला. गुलाबी रंग म्हणजे जिवाणूने ट्रिप्टोफॅनपासून इंडोल ॲसिटिक आम्ल बनवलं. वनस्पती स्वतःच्या मुळा-कोंबांसाठी ऑक्झिन नावाचं जे वाढीचं संप्रेरक बनवते, तेच हे. १९२६ ते १९२८ च्या दरम्यान हॉलंडच्या फ्रिट्झ वेंट यांनी ओटच्या कोवळ्या कोंबाची टोकं आगरच्या चकतीवर ठेवून, मग ती चकती टोक कापलेल्या कोंबावर ठेवून दाखवलं होतं, की टोकातून काहीतरी उतरतं आणि त्यानेच वाढ होते. ते काहीतरी हेच.

माझ्या डोक्यात मात्र वेंटपेक्षा ती फिकट राहिलेली नळी जास्त बसली. दोन्हींत ॲझोटोबॅक्टरच होता. नाव एक, जात एक, पण वाण वेगळा, म्हणून एक कामाचा आणि एक बिनकामाचा. सोयाबीन घेताना आपण जेएस-३३५ का पीडीकेव्ही अंबा, असं दहादा विचारतो. जिवाणूच्या पाकिटाला कोणी विचारत नाही, आणि बहुतेक पाकिटांवर तो छापलेलाही नसतो. लेखात याबद्दल एक ओळ नव्हती.

एक मावशी दरवर्षी माझ्याकडून तुरीसाठी पाकीट नेतात. शेत त्या एकट्याच पाहतात, बियाण्याला जिवाणू स्वतःच्या हाताने चोळतात. त्यांनी एकदा मला विचारलं, "जिवंत हाय म्हन्ता तं मंग खाते काय थे?" इतका नेमका प्रश्न मला कुठल्या कंपनीच्या मेळाव्यातही ऐकू आला नाही. उत्तर असं, की मूळच त्यांना खाऊ घालतं. पानांनी उन्हात बनवलेल्या अन्नातला बरा मोठा वाटा मुळं मातीत सोडून देतात, साखर, आम्लं, अमिनो आम्लं. मुळाभोवतीच्या त्या चिमूटभर मातीत जिवाणूंची गर्दी होते ती त्यासाठीच. जर्मनीच्या लॉरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्येच त्या जागेला 'ऱ्हायझोस्फिअर' असं नाव दिलं. त्या खाण्यातल्या ट्रिप्टोफॅनपासून जिवाणू ऑक्झिन बनवतो, त्याने मुळाला जास्त फुटवे आणि केसासारखी बारीक तंतुमुळं येतात, मूळ वाढलं की खाणंही जास्त सुटतं. मावशी ऐकून म्हणाल्या, "म्हनजे पयले मुळी पायजे." बरोबर. मुळीच नसेल तर जिवाणू बसणार कुठे? म्हणून तो बियाण्याला लावायचा, मूळ फुटताच तो तिथे हजर पाहिजे.

लेखातली 'फवारणी' मला खटकली ती यासाठी. पानावर राहणारे जिवाणूही असतात, ते मी नाकारत नाही. मिथायलोबॅक्टेरियम नावाचे गुलाबी जिवाणू पानावर जगतात, सायटोकायनिन हे दुसरं एक संप्रेरक बनवतात, आणि पावसाने ताण दिला की त्यांची फवारणी करा अशी तमिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. पण लेखात नाव होतं मुळाशी राहणाऱ्या ॲझोस्पिरिलम आणि ॲझोटोबॅक्टरचं. आपला गडी ऑगस्टच्या भर दुपारी पंप पाठीवर घेऊन निघणार, पंपात आधीच कॉपर ऑक्सिक्लोराईड, कीटकनाशक, एक विद्राव्य खत आणि शेजाऱ्याने सांगितलेलं आणखी काही, आणि त्यातच हे जिवाणू. तांब्याचं औषध बुरशीसोबत जिवाणूही मारतं. चांगला जिवाणू कोणता आणि वाईट कोणता, हे त्याला कळत नाही.

ऑक्झिन हे अमृत आहे असाही सूर लेखात होता. ऑक्झिन काय करू शकतं हे आमच्या भागात शिकवायची गरज नाही. धुऱ्यावरचं तण मारायला टू-फोर-डी हे तणनाशक मारलं, तोच पंप नीट न धुता कपाशीत नेला, किंवा शेजारच्याने वारा सुटलेला असताना मारलं, की आठ दिवसांत पऱ्हाटीची पानं भेंडीच्या पानासारखी लांबुळकी चिरलेली येतात आणि शेंडा वाकडा होतो. दर हंगामात अशी चार-दोन पानं माझ्या काउंटरवर येतात, भांडणंही येतात. टू-फोर-डी हे कारखान्यात बनवलेलं ऑक्झिनच आहे. थेंबभर प्रमाणात मूळ फोडतं, जास्त झालं की झाड मारतं. जिवाणूंच्या बाबतीतही असंच, एका मर्यादेपलीकडे ॲझोस्पिरिलम लावला तर मूळ वाढण्याऐवजी खुंटतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणून 'दोन पाकिटांऐवजी चार टाका, लवकर फुटेल' असा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका. जपानमध्ये तर सूक्ष्मजीव संप्रेरक बनवतात हे रोगामुळेच कळलं. भाताची रोपं वेड्यासारखी उंच वाढून आडवी पडायची, 'बाकाने' म्हणतात त्या रोगाला. १९२६ मध्ये एइची कुरोसावा यांनी दाखवलं की एक बुरशी असं काही सोडते ज्याने ही उंची येते. तेच जिबरेलिन. आज नाशिकचे द्राक्षवाले ते तोलूनमापून वापरतात.

आता 'दीडपट'.

ॲझोस्पिरिलमची गंमत अशी की सुरुवातीला सगळ्यांना वाटलं हा हवेतला नत्र आणून देतो, म्हणून पीक हिरवं दिसतं. ब्राझीलच्या योहाना डोबेराइनर यांनी सत्तरच्या दशकात त्याच्याकडे जगाचं लक्ष वेधलं ते नत्रासाठीच. नंतर कळत गेलं की गवतवर्गीय पिकांत त्याच्या फायद्याचा मोठा भाग मुळं वाढल्यामुळे येतो, म्हणजे संप्रेरकांमुळे. मोठं मूळ जास्त पाणी आणि जास्त खत शोधून आणतं. आणि हे नेहमीच घडतं असंही नाही. १९९४ मध्ये याकोव्ह ओकॉन आणि लाबांदेरा-गोन्झालेझ यांनी जगभरच्या वीस वर्षांच्या शेतातल्या प्रयोगांचा आढावा घेतला. साठ ते सत्तर टक्के ठिकाणी उत्पादन वाढलेलं दिसलं, आणि वाढ होती ५ ते ३० टक्के. म्हणजे दहातल्या तीन-चार शेतांत ठोस काही नाही. हे आकडे मला वाईट वाटत नाहीत. कोरडवाहू शेतकऱ्याला शंभर-दीडशे रुपयांच्या पाकिटात दहा टक्के मिळाले तरी तो खूश. पण 'दीडपट' छापलं की तो ज्या वर्षी दहा टक्के मिळतील त्या वर्षीही फसलो म्हणेल आणि पुढच्या वर्षी पाकीट घेणार नाही.

ब्राझीलचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबतो. आपल्याकडे सोयाबीन म्हटलं की भाव आणि विमा, एवढंच बोलणं होतं. तिकडे सोयाबीनला नत्राचं खत जवळजवळ घालतच नाहीत, ब्रॅडीऱ्हायझोबियम हा मुळावर गाठी धरणारा जिवाणू दरवर्षी नव्याने लावतात. एकदा लावलं की जमिनीत राहतंच, असं म्हणून सोडून देत नाहीत. त्याच्याच जोडीला ॲझोस्पिरिलम लावण्याची पद्धत तिथे आता रुळली आहे. एक जिवाणू गाठी धरतो, दुसरा मूळ फोडून गाठी धरायला जागा वाढवतो. हे काम करणाऱ्या मारियांजेला हुंग्रिया तिथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेत, एम्ब्रापात, आहेत. २०२५ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. तिथल्या ॲझोस्पिरिलमच्या पाकिटावर एबी-व्ही५, एबी-व्ही६ अशी वाणांची नावं असतात. आपल्या अमरावती, अकोला, वाशीम, यवतमाळ पट्ट्यात सोयाबीनचा केवढा पेरा आहे. या जोडीवर आपल्या काळ्या जमिनीत काय होतं, हे आपल्या पुरवणीत मोठ्या लेखाचा विषय व्हायला हवं होतं.

खारपाणपट्ट्यातल्या माणसाला याहून जवळची गोष्ट दुसरी आहे, ती लेखात आलीच नाही. झाडाला ताण बसला की, क्षाराचा असो की साचलेल्या पाण्याचा, ते इथिलीन बनवू लागतं. केळी पिकवायच्या खोलीत सोडतात तोच वायू. ताणातलं इथिलीन मुळाची वाढ थांबवतं आणि पाते, म्हणजे कपाशीच्या फुलकळ्या, गाळतं. कपाशीतली आकस्मिक मर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. महिनाभर उघाड, मग एका रात्रीत धो-धो पाणी, आणि दुसऱ्या दिवशी बोंडांनी लदलेली झाडं माना टाकून उभी. तेव्हा नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेच्या सल्ल्याप्रमाणे कोबाल्ट क्लोराईड १० पीपीएम, म्हणजे १०० लिटर पाण्याला १ ग्रॅम, लगोलग फवारतात. ते का चालतं? कारण इथिलीन तयार होण्याची शेवटची पायरी कोबाल्ट अडवतं. काही जिवाणू त्याच्या आधीच्या पायरीवर हात घालतात. इथिलीन ज्यापासून बनतं तो एसीसी नावाचा पदार्थ ते मुळातून ओढून घेतात आणि आपल्याजवळच्या एन्झाइमने तोडून नत्र म्हणून खातात. कॅनडाचे बर्नार्ड ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे नीट मांडलं. स्यूडोमोनास कुळातले बरेच जिवाणू हे करू शकतात.

आता आमच्या पूर्णेच्या खोऱ्यातली जमीन पाहा. सोडियमने चिकटलेली, ओली असताना पाय निघत नाही आणि वाळली की भेगेत हात जातो. सामू (पीएच) आठच्या वर. इथे ऑक्झिनपेक्षाही इथिलीन कमी करणारा जिवाणू जास्त कामाचा ठरेल असं मला वाटतं, आणि तो याच मातीतून, इथल्याच हरभऱ्याच्या आणि कपाशीच्या मुळांवरून वेगळा काढलेला असावा. गोड्या जमिनीतला जिवाणू आणून इथे सोडला तर तो टिकावा कसा? अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आमच्यापासून लांब नाही. आमच्या बांधावर येऊन असे वाण शोधावेत आणि 'खारपाणपट्ट्यासाठी' असं ठळक लिहिलेलं पाकीट द्यावं, ही मागणी मी या पत्रातून करतो. इथल्या माणसाने आणखी किती वर्षं हरभऱ्यावरच भागवायचं?

आणि आता दुकानातलं, ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो.

जिवाणू खतं २००६ मध्ये खत नियंत्रण आदेशात आली. भुकटीच्या पाकिटात १ ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू पाहिजेत, द्रवरूपात १ मिलिलिटरला १० कोटी. २५० ग्रॅमचं पाकीट म्हणजे साडेबाराशे कोटी जीव. कारखान्यातून निघताना ते असतीलही. मग ते पाकीट एप्रिलमध्ये निघतं, ट्रान्सपोर्टच्या गोदामात पडतं, टेम्पोच्या टपावरून अमरावतीहून येतं आणि टिनाच्या दुकानात रचलं जातं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो तो सावलीतला. टिनाखाली किती, ते माझ्या अंगावरचा सदरा सांगेल. पाकिटावर लिहिलेलं असतं, 'थंड व कोरड्या जागी ठेवावे'.

मी माझा जिवाणूंचा माल दुकानात ठेवत नाही. मागे आमचं जुनं धाब्याचं घर आहे, दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, आतल्या खोलीला खिडकी नाही. तिथे लाकडी घडवंचीवर ठेवतो. गिऱ्हाईक आलं की उठून आत जातो, ते कुरकुरतं. समोरच्या फळीवर झगमगीत बाटल्या असताना हा माणूस अंधारातून काय काढून आणतो, अशा नजरेने पाहतं. मी लावलेला हा जुगाड आहे, व्यवस्था नव्हे. व्यवस्था असती तर जिवाणूंचा माल विकणाऱ्याला परवाना देताना 'ठेवणार कुठे?' हा पहिला प्रश्न असता.

तपासणी होते, नाही असं नाही. गुणनियंत्रण निरीक्षक नमुने नेतात, नागपूरला प्रादेशिक केंद्रात तपासायची सोयही आहे. पण त्यात तपासतात काय? ॲझोटोबॅक्टरच्या निकषात जिवंत संख्या, भेसळ, सामू, आणि १ ग्रॅम साखरेवर १० मिलिग्रॅम नत्र धरतो की नाही. ॲझोस्पिरिलमच्या निकषात नत्र नसलेल्या माध्यमात पांढरी साय धरते की नाही. ऑक्झिन किती बनवतो, हे या दोघांच्या निकषात नाहीच. मग ज्या गुणावर तुमचा अख्खा लेख आहे आणि ज्या गुणाचं नाव घेऊन बाटल्या विकल्या जात आहेत, तो गुण त्या बाटलीत आहे हे कोणी पाहिलं? गुलाबी रंगाची ती चाचणी आम्हा दुकानदारांसमोर टेबलावर होऊ शकते, तर प्रयोगशाळेत सहज होईल. संप्रेरकाचा दावा छापायचा असेल तर वाणाचं नाव आणि त्या चाचणीतला आकडाही छापावा, आणि जिवाणूंची संख्या मुदत संपण्याच्या दिवशी किती असेल ती लिहावी. नमुना कारखान्यातून नको, जूनच्या पहिल्या आठवड्यात दुकानाच्या फळीवरून उचलावा. माझ्या फळीवरूनही उचला. फक्त नापास झाला तर पहिली नोटीस दुकानदाराला आणि कंपनीला 'चौकशी सुरू', हा प्रकार नको. वाटेत माल कोणी भाजला तेही पाहा.

बाटल्यांचं काय चाललंय ते शेतकऱ्याला माहीत आहे, पेपरवाल्यांनाही माहीत असावं. हंगामात डीएपी खताची गाडी येते, तिच्यासोबत टॉनिकचे खोके येतात. मागितलेले नसतात. याला आम्ही लिंकिंग म्हणतो. बिल वेगळं, त्यामुळे कागदावर सगळं स्वच्छ. खोके नको म्हटलं तर पुढची गाडी शेजारच्या गावात उतरते, आणि माझं गिऱ्हाईक तिकडे रांगेत जाऊन उभं राहतं. खोके घेतले तर ते खपवायचे कोणाला? डीएपीच्या थैलीसोबत शेतकऱ्याच्याच माथी. त्यांच्यावर अलीकडे समुद्री शेवाळ, अमिनो, ह्युमिक यांच्या जोडीला 'संप्रेरकयुक्त जिवाणू' असंही लिहून येऊ लागलं आहे. संप्रेरक आणि जिवाणू या दोन वेगळ्या वस्तू आहेत, वेगळ्या कायद्यांखाली येतात. जिबरेलिक ॲसिड, एनएए ही संजीवकं कीटकनाशक कायद्यात, जिवाणू खतं खत आदेशात, आणि बायोस्टिम्युलंट, म्हणजे वाढीला चालना देणारी टॉनिकं, फेब्रुवारी २०२१ पासून त्याच आदेशात वेगळ्या परिशिष्टात. एका बाटलीवर तिन्ही शब्द असले की कोणत्या कायद्याने पकडायचं हे निरीक्षकालाही कळत नाही, आणि मला वाटतं छापणाऱ्याला ते हवंच असतं.

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनीच सांगितलं की सुमारे तीस हजार बायोस्टिम्युलंट वर्षानुवर्षं तपासणीविना विकली जात होती. अनुदानित खतांसोबत ती शेतकऱ्याच्या गळ्यात मारू नका, असं त्यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना लिहिलंही. चांगलं झालं. पण यात नुकसान झालं ते काळ्या भुकटीच्या साध्या पाकिटाचं. लिंकिंगच्या बाटलीने तोंड पोळलेला शेतकरी आता जिवाणू म्हटलं की सरळ हात जोडतो. "त्यायनं काई होत नाई भाऊ, आमी टाकून पायलं." काय टाकलं ते विचारलं तर बाटलीचं झाकण कोणत्या रंगाचं होतं एवढंच आठवतं. तुमचा लेख ज्याच्या बाजूने लिहिलेला दिसतो, त्याचाच त्या बाटलीने घात केला आहे, आणि लेखासोबत चित्र छापलं तेही बाटलीचंच.

ज्याला ऱ्हायझोबियम, म्हणजे मुळावर गाठी धरणारा जिवाणू, काम करतो आहे की नाही हे स्वतः पाहायचंय, त्याला चाचणीचीही गरज नाही. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने जमीन ओली असताना सोयाबीनची चार-दोन झाडं मुळासकट हळूच खणून काढा, उपटू नका, उपटली की गाठी मातीतच राहतात. मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून लालसर गुलाबी असेल तर ती काम करते आहे, हिरवट किंवा पांढरी असेल तर नाही. ऱ्हायझोबियमचं हे असं डोळ्यांना दिसतं. ऑक्झिनवाल्याचं इतकं सोपं नाही, तिथे एक तास, म्हणजे एक ओळ, जिवाणू न लावता सोडून शेजारी-शेजारी मुळं धुऊन पाहावी लागतात. आमच्या त्या मावशी तुरीत एक तास तसाच सोडतात. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना.

आपल्याला एक विनंती. बीजप्रक्रियेचा क्रम छोट्या चौकटीत छापावा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते वाळल्यावर सगळ्यात शेवटी जिवाणू. भुकटी असेल तर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात. सोयाबीनची साल नाजूक, जोरात चोळलं की निघते, म्हणून ताडपत्रीवर हलक्या हाताने. सावलीत वाळवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं, पण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही. दरवर्षी ही माहिती पेपरात येते तेव्हा अर्ध्या तालुक्याची तिफण शेतातून परत आलेली असते. जागा कमी पडत असेल तर माझं हे पत्र खुशाल अर्धं कापा, पण चौकट मृगाच्या आधी येऊ द्या.

आपला नियमित वाचक,
एक कृषी केंद्र चालक,
ता. दर्यापूर, जि. अमरावती

(नाव व गाव छापू नये ही विनंती. डीएपीची गाडी यायची आहे.)